जमिनीची एकादशी

आषाढी एकादशीचा उपवास द्वादशीला सोडताना महाराष्ट्रात पुष्कळ घरी वाघाट्याची भाजी करतात. कोणी त्या फळाला गोविंदफळ असेही म्हणतात. फळ लिंबाएवढे, हिरवे, चवीला कडवट. आतल्या बिया काढून, उकडून घेऊन भाजी करावी लागते. वर्षातून एकदा का होईना, द्वादशीच्या पानात ती पडलीच पाहिजे, असा जुन्या माणसांचा आग्रह असे. अलीकडे बाजारात वाघाटी पाहावी तर एखादी म्हातारी चार वाटे मांडून बसलेली दिसते, आणि आपण गेलो तोवर तेही संपलेले असतात.

हे फळ येते कोठून? वाघाटीची वेल सहसा कोणी लावीत नाही. तिला मळा नको, पाट नको, खत नको. तिला हवी असते ती फक्त जाळी. वाघनखासारख्या वाकड्या काट्यांनी ती बोराटीवर, हिवरावर, खैरावर चढते. उन्हाळ्याच्या तोंडी तिला पांढरी फुले येतात, ती पुढे गुलाबी-तांबूस होतात, आणि पावसाळा लागला की फळे धरतात. अगदी आषाढी साधूनच! जाळी नाही तर वाघाटी नाही, आणि वाघाटी नाही तर आपल्या द्वादशीच्या पानातली ती जागा रिकामी. एवढ्या लहानशा गोष्टीवरून मला एक मोठा प्रश्न पडला आहे आणि तो आपल्यापुढे ठेवण्यासाठीच आजचा हा लेख आहे.

प्रथम जाळी म्हणजे काय ते नीट पाहू. बीड जिल्ह्यातून बालाघाटाच्या डोंगररांगा गेल्या आहेत. मांजरा नदी ह्याच डोंगरांत पाटोदा तालुक्यात उगम पावते. पाऊस बेताचा, सरासरी सहा-सातशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. कोकणातील देवरायांसारखे उंच आणि काळोखे रान येथे होत नाही. येथे होते ते ठेंगणे, काटेरी, वेलींनी गुंतलेले रान. हिवर, खैर, बोर, हिंगणबेट, धावडा, मेडशिंगी, पळस, आपटा, तरवड. आणि त्यांच्यावर चढलेल्या वाघाटी, गुळवेल, गुंज, कांडवेल. उन्हाळ्यात पाहाल तर सगळे वाळून गेल्यासारखे दिसते. परका माणूस म्हणेल, हे कसले रान, हे तर काट्याकुट्यांचे माजलेले बन! पण दोन पाऊस पडू द्या, मग त्याच जाळीत बोटभर जागा हिरवी झाल्यावाचून राहत नाही. कपिलधार, सौताडा येथील दऱ्यांतून किंवा अंबाजोगाईजवळ मुकुंदराजांच्या समाधीच्या परिसरात जे वाचक पावसाळ्यात गेले असतील, त्यांना ह्याची कल्पना येईल.

ह्या जाळीची स्वतःची एक रीत आहे. उघड्या माळावर प्रथम बोराटीसारखे काटेरी झुडूप उभे राहते. त्यात शेळीचे तोंड शिरत नाही. त्या आडोशाला बुलबुल, साळुंकी येऊन बसतात आणि खाल्लेल्या फळांच्या बिया तेथे टाकतात. काट्यांच्या पहाऱ्यात ते रोप वाढते, त्याच्यावर वेल चढते, वेलीचे छप्पर होते, छपराखाली पाला साठतो, पाल्याखाली ओल टिकते, ओलीत पुन्हा नवे बी रुजते. लांडोर जमिनीवर अंडी घालते ती अशाच जाळीच्या आडोशाने. ससा, मुंगूस, घोरपड, साळिंदर ह्यांना निवारा तोच. वाघाटीच्या पानांवर कित्येक पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पाटोदा तालुक्यात नायगाव येथे मोरांसाठी १९९४ साली अभयारण्य झाले, सुमारे ३० चौरस किलोमीटरचे. मोर म्हटला की आपल्याला मुकुटातले पीस आठवते. पण मोराला पिसाआधी जाळी लागते, हे आपण विसरतो.

आता घडलेली गोष्ट सांगतो. ती सांगताना मला संकोच होतो, पण ती लपविली तर पुढचे सारे लिहिणे खोटे ठरेल.

सुमारे तीस वर्षांपूर्वी डोंगरातल्या एका वाडीत सप्ताहाच्या निमित्ताने माझे कीर्तन होते. वाडीच्या वरच्या अंगाला एकरभर जाळी होती. त्या जाळीत एक शेंदूर लावलेला धोंडा. त्याला लोक म्हसोबा म्हणत. जाळीतली काडी तोडली तर घरात दुखणे येते, असा समज. वर्षातून एकदा तेथे कोंबडे कापीत. तुळशीची माळ गळ्यात घातलेली काही मंडळीही त्या दिवशी तिकडे हात जोडून येत. मला हे समजले आणि मी त्या रात्री कीर्तनात हाच विषय धरला. जो देव कोंबडे मागतो तो देव कसला? जो काडी मोडली म्हणून लेकराला ताप आणतो तो मायबाप कसा? तुकोबारायांनी क्षुद्र देवतांच्या नादी न लागण्याचा उपदेश केला, तो आम्ही ऐकणार की नाही? लोकांनी टाळ्या पिटल्या. पुढल्या वर्षापासून कोंबडे बंद झाले. मला धन्यता वाटली.

दोन वर्षांनी त्याच वाडीत गेलो. जाळी नव्हती. आधी कोणी सरपणाला चार फांद्या नेल्या. दुखणे आले नाही. मग कोणी कुंपणाला बोराटी तोडली. तरी काही झाले नाही. मग बैलगाड्या लागल्या, लाकूड वीटभट्टीला गेले. उरले ते पेटवून दिले आणि जागा सपाट करून सभामंडपासाठी घेतली. मंडपाचे काम चालू होते. मला मोठ्या मानाने ते दाखविण्यात आले.

परत निघालो तेव्हा वेशीपाशी एक वृद्ध माळकरी बाई भेटल्या. पाया पडून म्हणाल्या, "महाराज, तुमचं कीर्तन अजून ध्यानात हाय. कोंबडं वाचलं, लई बरं झालं. पन त्या जाळीत शंभर पाखरं ऱ्हात होती. ती कुठं गेली?"

मी म्हणालो, "माय, मी जाळी तोडा म्हणून नव्हतं सांगितलं."

त्या म्हणाल्या, "न्हाई सांगितलं. पन राखा म्हणून तरी कुठं सांगितलं? बारशीला वाघाटी आता आणायची कुठनं, ते तरी सांगा."

त्यांच्या शब्दांत राग नव्हता. म्हणूनच ते बोलणे आजही टोचते.

माझा प्रश्न आता स्पष्ट होईल. भीतीने राखलेली वस्तू भीती गेल्यावर कोणी राखायची? माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक ह्या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया हिंडून पाहिल्या आणि त्यांचे महत्त्व जगापुढे मांडले. ज्या रानाला हात लावण्यास लोक देवाच्या धाकाने कचरत, तेथे दुर्मीळ झाडे-वेली टिकून राहिल्या. आणि धाक ओसरला तसतशा कित्येक राया तुटल्या. म्हणजे माझ्या वाडीत घडले ते काही एकट्या वाडीचे नाही. आपल्या पंथाने लोकांना भयापासून सोडविले, हे फार मोठे कार्य झाले. त्याबद्दल यत्किंचितही खेद करण्याचे कारण नाही. पण घराचा जुना पहारेकरी काढला आणि नवा नेमला नाही, तर घर लुटले जाते. दोष पहारेकरी काढण्यात नाही. नवा न नेमण्यात आहे.

कोणी म्हणेल, मग ती भीती होती तशीच राहू द्यायला हवी होती. अज्ञानातून का होईना, रान तर वाचत होते! मला हे पटत नाही. भीतीने केलेले रक्षण हे त्या वस्तूचे रक्षण नसते, ते आपल्या कातडीचे रक्षण असते. म्हणूनच भीती खोटी ठरल्याबरोबर कुऱ्हाड उचलली गेली. त्या लोकांना जाळी कधी प्रिय नव्हती, तिची दहशत होती. शिवाय जाळी वाचविण्यासाठी दरसाल एका मुक्या जिवाचा गळा कापणे, हा हिशेब माळकऱ्याने कसा मान्य करावा? नाही, मागे जाण्याची वाट बंद आहे. वाट पुढेच शोधली पाहिजे.

आणि ती वाट दूर नाही. ती आपल्या घरात दर पंधरा दिवसांनी येते. तिचे नाव एकादशी.

विचार करा, एकादशीला आपण काय करतो? घरात धान्य असते, चूल असते, पोटात भूक असते. जेवू नका म्हणून कोणी हात धरीत नाही. जेवलो तर ताप येईल अशी भीतीही नाही. तरी आपण जेवत नाही. का? तर हा दिवस देवाचा आहे, माझा नाही, एवढ्याच भावनेने. माझ्या सत्तेतली वस्तू, मी घेऊ शकतो अशी वस्तू, मी प्रेमाने बाजूला ठेवतो. भीतीवाचून संयम कसा करावा ह्याचे शिक्षण वारकऱ्याला दुसरीकडून घ्यावे लागत नाही. त्याच्या हाडीमांसी ते भिनलेले आहे. मग कालगणनेतला एक दिवस जसा आपण देवासाठी मोकळा ठेवतो, तसा शिवारातला एक तुकडा आपण मोकळा का ठेवू नये? तेथे नांगर नको, कुऱ्हाड नको, काडी नको, मंडपही नको. ती जमिनीची एकादशी. आणि गंमत अशी की, त्या एकादशीतूनच द्वादशीची वाघाटी येते. जो उपवास जमिनीला आपण घडविला नाही, त्याचे पारणे आपण कशाने सोडणार?

ह्यावर आणखी शंका निघतात, त्यांचाही विचार केला पाहिजे.

पहिली शंका पोटाची. दुष्काळी मुलूख आमचा. घरची माणसे ऊसतोडीला जातात. घरात सरपण नाही. अशा गरिबाला तुम्ही काड्या मोडू नको म्हणून सांगणार? शंका खरी आहे. १९७२ च्या दुष्काळात ज्याला जे मिळाले ते त्याने तोडले, त्याला आज दोष देणे निर्दयपणाचे होईल. पण येथेही एकादशीच वाट दाखविते. उपवासातून लहान मूल, आजारी माणूस आणि गर्भिणी ह्यांना आपण सूट देतो. धडधाकट माणसाला देत नाही. त्याच न्यायाने, पडलेली वाळकी काटकी वेचणाऱ्या म्हातारीला सूट असावी; जेसीबी घेऊन येणाऱ्याला नसावी. आज जाळी तुटते ती बहुधा म्हातारीच्या मोळीने नव्हे. ती तुटते वीटभट्टीसाठी, मुरमासाठी, रस्त्यासाठी, आणि लिहिताना लाज वाटते, देवळाच्या जीर्णोद्धारासाठी. भक्तनिवास बांधायला देवाच्याच रानावर कुऱ्हाड! सावता महाराजांना आपल्या मळ्यात विठ्ठल दिसला, हे आपण भक्तीने सांगतो. पण आपण न पेरलेल्या, न शिंपलेल्या रानात तो आपल्याला दिसतो का? तेथे तो दिसण्यासाठी थोडी अधिक दृष्टी लागते, कारण तेथे 'माझे' असे काहीच नसते.

दुसरी शंका अशी की, तोडले तर तोडले, नवी झाडे लावू. झाडे लावणे पुण्यकर्मच आहे. बीडजवळ पालवण येथे उघड्या डोंगरावर सयाजी शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्री देवराई उभी केली. फेब्रुवारी २०२० मध्ये तेथे वृक्षसंमेलन भरले आणि संमेलनाचे अध्यक्षपद वडाला दिले. त्या मंडळींना आमचा नमस्कार असो. पण उजाड डोंगरावर झाडे लावणे वेगळे आणि असलेली जाळी मोडून तेथे झाडे लावणे वेगळे. पहिले म्हणजे निराश्रिताला घर देणे. दुसरे म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या आईला बाहेर काढून तिच्या जागी पाहुणी बसविणे. खड्डे ओळीने खणता येतात, रोपे मोजता येतात, फोटो काढता येतो. पण वेल, काटा, पाला, अळी, पाखरू ह्यांची वर्षानुवर्षे बसलेली घडी रोपवाटिकेत मिळत नाही. त्यातून पुष्कळ ठिकाणी लावतात ते गिरिपुष्पासारखे परमुलखातले झाड. ते लवकर हिरवे दिसते खरे, पण त्यावर वाघाटीचा संसार उभा राहत नाही.

हे संकट केवळ आपल्यावरच आले आहे असेही नाही. ऑस्ट्रेलिया खंडात क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स ह्या प्रांतांत कोरड्या हवेतले, वेलींनी गुंतलेले असेच रान आहे. शेतीसाठी आणि कुरणांसाठी तेथे ते इतके तोडले गेले की, आता तुकडे तुकडे उरले आहेत आणि तेथील सरकारने ते संकटग्रस्त म्हणून कायद्याच्या संरक्षणाखाली घेतले आहे. उरलेल्या तुकड्यांनाही वणवा, गुरे आणि परदेशी तण हे तीन शत्रू आहेत. आपल्याकडे तरी निराळे काय आहे? वणवा तोच, मोकाट चराई तीच, आणि तणाच्या जागी घाणेरी व वेडी बाभूळ. सातासमुद्रांपलीकडचे लोक आपल्या काटेरी रानाला मौल्यवान मानतात आणि आपण आपल्या रानाला पडीक म्हणतो. सात-बारावर पडीक लिहिले म्हणून देवाघरी ते पडीक होत नाही.

तिसरी शंका जरा सूक्ष्म आहे. माणसाने कोठे तरी घर, देऊळ, रस्ता केलाच पाहिजे; मग सगळेच राखत बसायचे काय? येथे मला आळंदीचा अजानवृक्ष आठवतो. परंपरा असे सांगते की, ज्ञानोबारायांच्या समाधीत अजानवृक्षाची मुळी त्यांच्या गळ्याला लागली, त्यांनी नाथमहाराजांना दृष्टांत दिला, आणि नाथांनी समाधीत उतरून ती मुळी बाजूला केली. आपण ही कथा नेहमी सांगतो. पण त्यातले एक मर्म सांगायचे राहून जाते. नाथांनी मुळी काढली, झाड तोडले नाही. प्रत्यक्ष माउलीच्या कंठाला पीडा होत होती. तेवढ्यावरून कोणी म्हणाले असते, तोडा ते झाड! पण जेवढे टोचत होते तेवढेच दूर केले आणि अजानवृक्ष आजही तेथे पूजनीय आहे. हे झाडही कोणी स्वर्गातले नव्हे. आपल्या कोरड्या रानात दातरंग म्हणून वाढते तेच. गरजेपुरते दूर करणे आणि मुळासकट नाहीसे करणे, ह्यातले अंतर नाथांनी कृतीने दाखविले. मंडप दहा हात अलीकडे सरकविता येतो. जाळी सरकविता येत नाही.

मग आपण करावे काय? फार मोठे काही नाही. नाथांची पालखी पैठणहून पंढरीला जाते ती रायमोहा, पाटोदा ह्या आपल्याच मुलखातून. मुक्ताईची पालखी बीडला येते. शेगावच्या गजानन महाराजांची परळी, अंबाजोगाईवरून जाते. ह्या वाटांवर चालणाऱ्यांनी मुक्कामाच्या चुलीसाठी ओले काटूक तोडू नये आणि चूल विझवूनच पाऊल उचलावे. वाघाटी काढताना वेल ओढू नये. पाच फळांतली दोन वेलीवरच राहू द्यावी, म्हणजे पाखरांनाही पारणे घडेल आणि बीही पडेल. गावात देवाच्या नावाची जाळी, राई, बन असेल तर ग्रामसभेत तिचा ठराव करावा, जैवविविधता समितीच्या नोंदवहीत ती लिहून घ्यावी. सर्वोच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या अशा देवरानांच्या खटल्यात त्या राज्याला त्यांची मोजणी व नोंद करण्यास सांगितले आणि केंद्र सरकारने देशभरासाठी धोरण ठरवावे अशी शिफारस केली. म्हणजे कायदाही दाराशी आला आहे. पण कायदा हाही शेवटी एक धाकच. धाकाने राखलेले किती टिकते ते आपण पाहिलेच. तेव्हा कायद्याने मोजणी करावी आणि भक्तीने राखण करावी.

आणि कीर्तनकार बंधूंना हात जोडून एक विनंती. अंधश्रद्धेवर बोला, अवश्य बोला. पण ज्या रात्री लोकांच्या मनातली भीती काढाल, त्याच रात्री त्या जागी प्रेम ठेवून या. झाडे, वेली, वनातले जीव हे आपले नातलग आहेत, ही तुकोबारायांची शिकवण आपण गोड चालीत गातो. नातलगाला आपण उपयोग विचारीत नाही. म्हातारा चुलता कमावत नाही म्हणून त्याला घराबाहेर काढीत नाही. काटेरी असला तरी तो आपला असतो. माझ्याकडून त्या रात्री हे सांगायचे राहिले. अर्धे कीर्तन झाले आणि अर्ध्याची किंमत जाळीने दिली.

गेल्या काही वर्षांपासून मी त्या वाडीला दर सप्ताहाला जातो आणि राहिलेले अर्धे कीर्तन करतो. मंडपामागे दोन गुंठे जागा गावाने मोकळी सोडली आहे. तेथे काही लावलेले नाही. फक्त गुरे जाऊ देत नाहीत आणि घाणेरी उपटतात. बोराटी वर आली आहे. यंदा तिच्यावर वाकड्या काट्यांची एक कोवळी वेल चढलेली दिसली. तिला फळ अजून धरलेले नाही. धरेल तेव्हा धरेल. उपवास करणाऱ्याने पारण्याची घाई करू नये.

पांडुरंग आपणा सर्वांना घेण्याची शक्ती असताना न घेण्याची बुद्धी देवो, एवढेच मागणे.

रामकृष्णहरि.